मुलाखतीची तयारी आणि सत्याची चाड

शिष्यवृत्तीच्या मुलाखतीला निघालेल्या मुलाला घरातून काय शिकवून पाठवावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ व्यवहाराचा आहे. कपडे कोणते घालावेत, खोलीत शिरताना परवानगी कशी मागावी, कोणत्या प्रश्नाला कोणते उत्तर शोभते, हे सांगणारी पुस्तके बाजारात मिळतात आणि वर्गही चालतात. २०२४ च्या उन्हाळ्यात आमच्या मुलीवर हा प्रसंग आला, तेव्हा आम्हीही त्याकडे याच नजरेने पाहत होतो. पंधरवड्याच्या त्या तयारीत हा प्रश्न नीतीचा आहे आणि परीक्षा मुलीपेक्षा आमची अधिक आहे, हे हळूहळू ध्यानात आले. तो अनुभव वाचकांपुढे मांडावा, असे आम्हां उभयतांना वाटते.

आमची मुलगी पाचवीनंतर शाळेत गेलेली नाही. २०१८ च्या जूनमध्ये आम्ही तिचे नाव शाळेतून काढले आणि तिला घरी शिकवू लागलो. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात गृहशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख नाही. तरी अशा मुलांसाठी एक वाट खुली आहे. १९८९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातर्फे दहावी-बारावीच्या परीक्षा देता येतात. आमच्या मुलीने त्या दोन्ही तेथूनच दिल्या. प्रारंभी धर्मग्रामातील माणसे काळजीने विचारीत, ‘‘पोरीचे पुढे कसे व्हायचे?’’ २०२० च्या मार्चनंतर करोनामुळे सगळ्याच घरांच्या शाळा झाल्या, तेव्हा तीच माणसे आमचा सल्ला घेऊ लागली. आम्हांलाही मग आपण काही थोर कार्य करीत आहोत, असे वाटू लागले. मुलांचे पहिले व मुख्य शिक्षक त्यांचे आईवडील होत, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी प्रसृत केलेल्या ख्रिस्ती शिक्षणविषयक घोषणापत्रात सांगितले आहे. हा दाखला आम्ही त्या काळात अनेकांना दिला. त्याच घोषणापत्रात शाळेचे मोल किती आवर्जून सांगितले आहे, याचा आम्हांला सोयीस्कर विसर पडला होता.

बारावीनंतर मुलीने एका विद्यापीठाकडे अर्ज केला. तेथील शुल्क आमच्या ऐपतीबाहेरचे होते. परंतु गरजू विद्यार्थ्यांना मुलाखत घेऊन शिष्यवृत्ती देण्याची सोय तेथे होती. शाळेत शिकलेल्या मुलाच्या बाबतीत मुलाखत हा निवडीचा एक भाग असतो. त्याच्या पाठीशी बारा वर्षांची प्रगतिपुस्तके असतात, वर्गशिक्षकांचे शेरे असतात, स्नेहसंमेलनातील बक्षिसे असतात. घरी शिकलेल्या मुलाच्या पाठीशी यांतले फारसे काही नसते. असामान्य मुलांची गोष्ट निराळी. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेने २०१६ साली मुंबईतील अशाच एका घरी शिकलेल्या मुलीला, दहावी-बारावीची प्रमाणपत्रे नसताना, प्रवेश दिला. कारण संगणक-प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये मिळवलेली तीन पदके तिच्या वतीने बोलत होती. आमच्या मुलीजवळ पदके नव्हती. तिच्याजवळ होत्या सहा वह्या.

त्या वह्यांविषयी थोडे सांगितले पाहिजे. आमच्या वसईच्या वाडीत एक जुनी विहीर आहे. मुलगी बारा वर्षांची असताना तिच्या आजोबांनी एका दोरीला हाता-हातावर गाठी मारून दिल्या आणि पाणी काठापासून किती खाली आहे, हे दर रविवारी मिस्साहून आल्यावर मोजायला शिकवले. ती मोजत राहिली आणि लिहीत राहिली. पुढे गावातील बावखलांचीही तिने नोंद केली. आमच्या लहानपणी गावात पाच बावखले होती. पावसाचे गोडे पाणी त्यांत साठे आणि आसपासच्या विहिरींना पुरे. आता दोन उरली आहेत. तीन भराव घालून बुजवली गेली. कोणते बावखल कोठे होते, त्यावर आता काय उभे आहे, जवळच्या विहिरीचे पाणी मचूळ कधीपासून झाले, हे तिने म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून घेतले. एवढेच तिचे काम. त्याला कोणी प्रमाणपत्र दिले नव्हते.

तयारी करून घेण्यासाठी मुलीचे मामा आले. ते मुंबईतील एका कंपनीत नोकरभरतीचे काम पाहतात. आजवर शेकडो उमेदवारांच्या मुलाखती त्यांनी घेतल्या आहेत. भाचीवर त्यांचा जीव आहे आणि तिचे कल्याण व्हावे, यापलीकडे त्यांचा हेतू नव्हता, हे येथे नमूद केलेच पाहिजे. त्यांनी वह्या चाळल्या आणि म्हणाले, ‘‘हे सोने आहे, पण तुला विकता येत नाही. ‘मी मोजले’ असे म्हणू नकोस. ‘मी भूजलाचे सर्वेक्षण केले आणि गावात जागृतीची मोहीम चालवली’ असे म्हण.’’ एका वहीत जुलै महिन्यातील तीन आठवडे कोरे होते. त्या वर्षी मुलगी तापाने अंथरुणाला खिळली होती. मामा म्हणाले, ‘‘आधीचा आणि नंतरचा आकडा आहेच, मधले तीन अंदाजाने भरून टाक. कोण पाहायला येते?’’

ओटीवर बसून हे सारे ऐकणाऱ्या आजीचे मत अगदी उलटे पडले. ‘‘आपला मोठेपणा आपल्या तोंडाने सांगू नये. विचारले तर म्हणावे, मी काही विशेष केलेले नाही.’’ आजीचा हा संस्कार आमच्या समाजात खोल रुजलेला आहे आणि त्याचे सौंदर्य आम्ही जाणतो. मुलीनेही तो उचलला. त्या सायंकाळी मामांनी परीक्षकाची भूमिका घेऊन ‘‘तू आजवर काय केलेस?’’ असे विचारताच ती खाली मान घालून म्हणाली, ‘‘काही नाही, घरीच असते.’’ पाच वर्षांचे तिचे रविवार त्या एका वाक्यात वाहून गेले.

येथे आम्ही थबकलो. मामांचे म्हणणे खोटेपणाचे होते, हे आम्हांला लगेच कळले. पण आजीचे म्हणणेही खरे नव्हते. ॲरिस्टॉटल यांनी आपल्या ‘निकोमाखीय नीतिशास्त्र’ या ग्रंथात सत्यवचनी माणसाला दोन चुकीच्या टोकांच्या मधोमध उभे केले आहे. एका टोकाला आपल्यात नसलेले गुण मिरवणारा बढाईखोर, तर दुसऱ्या टोकाला आपल्यात असलेले गुण नाकारणारा किंवा उणे करून सांगणारा. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच विचार पुढे नेला. त्यांच्या मते बढाई जशी सत्याविरुद्ध आहे, तशीच असलेले नाकारून स्वतःला जाणूनबुजून हीन ठरवणे, हीदेखील सत्याची पायमल्लीच आहे. सोळाव्या शतकातील आविलाच्या संत तेरेजा यांनीही नम्रतेचा संबंध सत्याशीच जोडला. याचा अर्थ असा, की ‘मी पाच वर्षे दर रविवारी विहिरीचे पाणी मोजले’ हे वाक्य नम्रतेचा भंग करीत नाही, कारण ते आहे तेवढेच सांगते. देवाने दिलेले आणि आजोबांनी शिकवलेले ‘काहीच नाही’ म्हणून झटकून टाकणे, ही त्या दोघांविषयीची कृतघ्नताच ठरली असती.

मग तयारी म्हणून करायचे तरी काय? हे समजावून सांगताना आम्हांला वाडीतलाच दाखला सापडला. आमच्याकडची भाजी पहाटेच्या गाडीने दादरच्या बाजारात जाते. भाजी उपटली की तिच्या मुळांची माती पाण्यात धुतात, पिवळी पाने काढतात आणि जुडी नीट बांधतात. यात फसवणूक नाही; चिखलाने माखलेली भाजी गिऱ्हाइकापुढे टाकणे हा काही प्रामाणिकपणा नव्हे. परंतु जुडीच्या वर ताजी पाने लावून आत शिळी दडवणे, ही फसवणूक आहे. दोन्ही वेळी हात तेच असतात, पाणी तेच असते. फरक कशात आहे, हे प्रत्येक भाजीवालीला न शिकवता कळते. मुलीला आम्ही सांगितले, की स्पष्ट बोलण्याचा सराव कर, इंग्रजीत सांगताना अडखळतेस तेथे शब्द शोधून ठेव, समोरच्याचा प्रश्न पुरता ऐकून मगच बोल. ही झाली माती धुणे. जुलैचे तीन आठवडे मात्र कोरेच राहू देत.

दुसरी अडचण साक्षीची होती. घरी शिकलेल्या मुलाचे शिक्षक आणि आईवडील एकच असल्यामुळे त्यांच्या शिफारशीला किंमत ती काय? म्हणून विद्यापीठाने घराबाहेरच्या दोन व्यक्तींची पत्रे मागितली होती. एक पत्र वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंनी दिले, दुसरे आमच्या गावच्या डॉक्टरांनी. त्या वेळी एक जुनी हकिकत आठवली. विल्सन हायस्कूलशी संबंध असलेले शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकर मुंबईतील एका बागेत वाचत बसत. तेथे नेमाने वाचत बसणारा एक शाळकरी मुलगा त्यांच्या नजरेस पडला आणि त्यांनी त्याची विचारपूस केली. तो मुलगा १९०७ साली मॅट्रिक झाला, तेव्हा केळुसकरांनी त्याला आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे पैशांअभावी त्याचे महाविद्यालयीन शिक्षण अडले, तेव्हा तेच त्याला घेऊन बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे गेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. १९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. महाराजांपुढील ती भेट थोड्या वेळाची असेल. तिची तयारी मात्र बागेतील बाकावर, कोणी पाहील अशी अपेक्षा नसताना, अनेक सायंकाळी झालेली होती. मुलाखतीची खरी तयारी बहुधा अशीच, मुलाखतीचा विचारही मनात नसताना होते. शेवटच्या पंधरवड्यात आईवडिलांच्या हाती फार थोडे उरते.

त्या थोड्यातच आमची परीक्षा होती. घरी शिकलेल्या मुलाला एक प्रश्न हमखास विचारला जातो, तो म्हणजे ‘‘तुला शाळेतून का काढले?’’ त्याचे उत्तर आम्ही स्वतः लिहून दिले होते. प्रत्येक मुलाची शिकण्याची गती निराळी असते, साचेबंद शिक्षणात जिज्ञासा मरते, म्हणून आम्ही विचारपूर्वक हा मार्ग निवडला, अशा आशयाचा तो परिच्छेद होता. मुलीने तो पाठ केला आणि मामांपुढे न अडखळता म्हटला. मामांनी टाळी दिली. त्या रात्री भांडी आवरताना तिने सहज विचारले, ‘‘आई, हे खरं आहे का? मला तर आठवतं, की शाळेच्या ऑफिसात भांडण झालं आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही माझं दप्तर कपाटात ठेवलंत.’’

ती तेव्हा अकरा वर्षांची होती. तिला आठवत नसेल, असे आम्ही गृहीत धरले होते.

खरे काय घडले, ते येथे सांगणे भाग आहे. एका क्षुल्लक कारणावरून आमच्यापैकी एकाचा शाळेच्या कार्यालयात वाद झाला. आवाज चढले, चार माणसांनी ऐकले. दुसऱ्या दिवशी जाऊन दोन शब्द सबुरीचे बोललो असतो, तर प्रकरण मिटले असते. पण जाणे कमीपणाचे वाटले. वाद कोणी घातला, हे सांगण्यात अर्थ नाही. दुसऱ्याने त्याला अडवले नाही, तेव्हा दोष दोघांचा. रागाच्या भरात दाखला आणला. तत्त्वज्ञान त्यानंतर आले. पुस्तके वाचली, विचारवंतांची नावे कळली आणि जे अहंकारापोटी केले होते, त्याला विचारपूर्वक निवडीचा पोशाख चढला. सहा वर्षे तेच सांगता सांगता आमचाही त्यावर विश्वास बसला होता. मुलीच्या मैत्रिणी मात्र त्या जूनमध्येच सुटल्या होत्या आणि त्याबद्दल तिने आम्हांला कधी विचारले नव्हते.

खोटी उत्तरे तयार करणारे आम्ही मामांना समजत होतो. त्यांचे खोटे तीन कोऱ्या चौकटींपुरते होते. आमचे साऱ्या घरावर पसरले होते, आणि ते आता आम्ही सतरा वर्षांच्या मुलीच्या तोंडून परक्या माणसांपुढे वदवून घेणार होतो. स्वतः खोटे बोलणे हे एक पाप. जो आपल्यावर विश्वास ठेवतो, त्याच्याकडून नकळत खोटे बोलवणे हे त्याहून जड. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी तिला समोर बसवून सांगितले, ‘‘तुला आठवते तेच खरे.’’ हे वाक्य उच्चारायला आम्हांला किती वेळ लागला, ते सांगत नाही.

तरीही एक प्रश्न उरतोच. खरे बोलावे याचा अर्थ सगळेच बोलावे, असा होतो काय? घरातील भांडण परीक्षकांपुढे मांडायला ती बांधलेली होती काय? आम्हांला तसे वाटत नाही. असत्य कधीच बोलू नये, पण सत्य विवेकाने झाकून ठेवण्यास हरकत नाही, असा भेद अक्वायनस यांनीच केला आहे. ‘तो निर्णय घरच्यांचा होता, मी पुढे काय केले, ते सांगते’ एवढे म्हणण्याचा तिला पूर्ण अधिकार होता आणि त्यात लबाडी नव्हती. झाकणे आणि रंगवणे यांतली सीमारेषा बारीक असते, पण असते. कितपत सांगावे, हे आम्ही तिच्यावर सोपवले. सोपवताना धाकधूक होती, हे मान्य केले पाहिजे; कारण आता नाव आमचे जाणार होते.

मुलाखत अर्ध्या तासाची झाली. परीक्षक तीन होते. तो प्रश्न आलाच. तिने काय उत्तर दिले, ते परतीच्या गाडीत तिने आम्हांला सांगितले. ‘‘मी म्हटलं, सुरुवात एका भांडणातून झाली. तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. पण नंतर आई-पप्पांनी खरोखर मन लावून शिकवलं, आणि आजोबांमुळे मला मोजायची गोडी लागली. शाळेत असते तर काय झालं असतं, ते मला माहीत नाही.’’ आम्ही दोघे खिडकीबाहेर पाहत राहिलो. सहा वर्षांचा आमचा हिशेब तिने चार वाक्यांत मांडला होता आणि त्यात आमच्या कष्टांची जमाही सोडली नव्हती. आमच्या परिच्छेदात आजोबा नव्हते, हेही तेव्हाच लक्षात आले.

एका परीक्षक बाईंनी विचारले, ‘‘घरीच वाढलेली तू वसतिगृहात इतरांबरोबर कशी राहशील?’’ भजनमंडळात आणि वाडीवरच्या मजुरांबरोबर आपण वावरलो आहोत, असे तिने सांगितले. पण आपल्या वयाचे, आपल्याहून हुशार कोणी शेजारी बसलेले आपण फारसे अनुभवलेले नाही आणि ते जड जाईल असे वाटते, हेही सांगितले. वही चाळताना दुसऱ्या परीक्षकांचे बोट जुलैच्या कोऱ्या आठवड्यांवर थांबले. ‘‘येथे काय झाले?’’ ‘‘मी आजारी होते.’’ त्यांनी मान हलवली आणि पान उलटले.

एवढी हकिकत ऐकल्यावर वाचकांना शेवट ऐकण्याची उत्सुकता असणार. महिन्याभराने पत्र आले. पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली नाही. निम्मे शुल्क माफ झाले. कारणे दिलेली नव्हती. उरलेल्या रकमेसाठी आम्ही पतपेढीतून कर्ज काढले आहे आणि ते फेडीत आहोत. ती खरे बोलली म्हणून निम्मे मिळाले की खरे बोलली म्हणून निम्मेच मिळाले, हे आम्हांला ठाऊक नाही. मामांचे मत अजूनही असे आहे, की ‘मोहीम’ शब्द वापरला असता तर पूर्ण मिळाली असती. त्यांचे म्हणणे कदाचित बरोबरही असेल. सत्याचा विजय झाला, असे म्हणून या लेखाचा शेवट गोड करणे आम्हांला सहज जमले असते. पण मग आम्ही काहीच शिकलो नाही, असे झाले असते. फायदा होतो म्हणून खरे बोलायला शिकवलेले मूल, फायदा होत नाही असे दिसताच खरे बोलणे सोडून देते. खरेपणाची किंमत कधी कधी पदरातून मोजावी लागते आणि ती हप्त्याहप्त्याने चुकवावी लागते, हे मुलांना घरातच पाहू द्यावे.

या जून महिन्यात अनेक घरांतून मुले मुलाखतींना निघतील. कोणी शिष्यवृत्तीसाठी, कोणी पहिल्या नोकरीसाठी. त्यांच्या आईवडिलांना आमची एवढीच विनंती आहे. मुलाला उत्तरे लिहून देण्यापूर्वी त्यातले खरे किती, हे एकदा स्वतःला विचारावे. आणि मुलाने ते आपल्याला विचारले, तर त्याला गप्प करू नये.

आमची मुलगी आता वसतिगृहात असते. विहिरीची दोरी अजून खांबाला टांगलेली आहे. रविवारी मिस्साहून आलो की आम्ही दोघे गाठी मोजतो आणि आकडा तिला फोनवर कळवतो. एखादा रविवार चुकला, तर चुकला असेच कळवतो.